सर्वांत वाईट दिवसाचे माप : मुंबईत कलेचे काम टिकवताना

मुंबईत राहून लिहिणाऱ्या, चित्रे काढणाऱ्या, गाणाऱ्या किंवा नाटक करणाऱ्या माणसाने रोजच्या कामाचे प्रमाण ठरवताना आपला सर्वांत वाईट दिवस डोळ्यांसमोर ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. रविवारची मोकळी सकाळ किंवा दिवाळीची सुट्टी पाहून रोज तीन तासांचा संकल्प करणे सोपे असते. परंतु ज्या दिवशी रुळांवर पाणी साचते, गाड्या रखडतात, कार्यालयात उशिरापर्यंत थांबावे लागते आणि घरी पोहोचेपर्यंत रात्रीचे दहा वाजतात, त्या दिवशी जे घडू शकेल तेवढीच सवय या शहरात टिकते. म्हणून सुरुवात त्या दिवसापासून करावी आणि त्याही दिवशी निभेल असे एक लहान प्रमाण ठरवावे. लेखकासाठी ते एका परिच्छेदाचे असेल, चित्रकारासाठी एका रेखाटनाचे, गायकासाठी वीस मिनिटांच्या रियाजाचे, नटासाठी एका पानाच्या मोठ्याने वाचनाचे.

काम चार दिवस बंद पडले, तर बुडते ते केवळ चार दिवसांचे काम नसते. कथेतील माणसे परकी वाटू लागतात, चित्रातील रंगांची मांडणी कशासाठी केली होती ते आठवत नाही, खालच्या स्वरांत आवाज स्थिरावायला वेळ लागतो आणि पुन्हा बसण्याची भीती रोज थोडी वाढत जाते. उलट दररोज वीस मिनिटे का होईना, कामाला हात लागला, तर ते उरलेल्या वेळेतही मनात चालू राहते आणि मोकळा दिवस मिळताच त्याच धाग्यावर तीन-चार तास सलग बसता येते. मात्र काम कशाला म्हणायचे, हे आधीच कागदावर लिहून ठेवावे. नवे ब्रश विकत घेणे, टेबल आवरणे, इतरांच्या कामाचे व्हिडिओ पाहणे, मित्रांशी कलेविषयी बोलणे या गोष्टी उपयोगाच्या असतील, पण त्या वीस मिनिटांत धरू नयेत. कागदावर शब्द किंवा रेषा उमटली, गळ्यातून स्वर निघाला, तरच त्या दिवसाचे काम झाले असे मानावे.

वेळ आणि जागा

वेळ शोधण्यापूर्वी एक आठवडाभर, झोपण्याआधी, दिवसाचा प्रत्येक तास कुठे गेला याची प्रामाणिक नोंद करावी. डोंबिवली, विरार किंवा पनवेलहून दक्षिण मुंबईत नोकरीला जाणाऱ्यांच्या नोंदीत प्रवासाचे दोन ते तीन तास ठळकपणे दिसतात, आणि त्यामुळे लोकलमध्ये लिहावे असा सल्ला त्यांना नेहमी मिळतो. सकाळच्या गर्दीत उभ्याने लिहिणे किंवा रेखाटणे बहुतेकांना शक्य नसते, आणि तसा हट्ट धरल्यास चार दिवसांत निराशा येते. त्या वेळेला तिला पेलेल असेच काम द्यावे. संवादांचे पाठांतर करावे, बंदिशीचे ध्वनिमुद्रण ऐकावे, किंवा संध्याकाळी लिहायच्या प्रसंगातील एकच नेमका प्रश्न घेऊन त्याचा विचार करावा. ‘कथेचे पुढे काय करावे’ हा प्रश्न दादर येईपर्यंतही पुढे सरकत नाही. ‘आईला ही बातमी कोण सांगतो, आणि त्या वेळी ती काय करत असते’ हा प्रश्न मात्र घाटकोपरपर्यंत सुटू शकतो.

ज्यांना शक्य असेल त्यांनी तासभर आधीची गाडी पकडून कार्यालयाजवळ पोहोचावे आणि काम सुरू होण्यापूर्वीचा वेळ स्वतःसाठी वापरावा. या एका बदलाने गाडीत बसायला जागा मिळण्याची शक्यता वाढते, आणि दिवसाचा सर्वांत ताजा भाग इतर कोणाच्या मागणीने खर्च होण्यापूर्वी आपल्या कामाला मिळतो. रात्री जागून काम करणारे अनेक चांगले कलावंत आहेत, पण ज्याला सकाळी सहाला उठावेच लागते त्याने रात्रीवर भरवसा ठेवू नये.

घरातल्या माणसांना ही वेळ स्पष्ट शब्दांत सांगणे आवश्यक आहे. स्त्रियांच्या बाबतीत याचे महत्त्व फार मोठे आहे, कारण नोकरी सांभाळून घरी परतलेल्या बाईचा प्रत्येक मोकळा क्षण घराचा आहे असे आपल्याकडे न बोलता गृहीत धरले जाते. ‘सात ते साडेसात मी लिहायला बसणार आहे, त्या वेळेत गॅसवर काय आहे ते तुम्ही पाहा’ असे सांगावे आणि पहिले काही आठवडे ते रोज पुन्हा सांगावे लागले, तरी सांगावे. मागून घेतलेली वेळ हळूहळू घराच्या अंगवळणी पडते. चोरून काढलेल्या वेळेवर मात्र प्रत्येक वेळी कोणाचा ना कोणाचा हक्क सांगितला जातो.

जागेचा प्रश्न मुंबईत वेळेइतकाच अवघड आहे. एका खोलीत चार माणसे राहत असतील, तर वेगळी अभ्यासिका हा विचारच करू नये. भिंतीला लागून उघडणारे फळीचे टेबल, एक दिवा आणि सर्व साहित्य मावेल अशी एक पेटी एवढ्यावर काम भागते, फक्त ती जागा रोज तीच असावी आणि मांडामांड दोन मिनिटांत व्हावी. घरी अगदीच जमत नसेल तर शहराने आपल्याला ग्रंथालये दिली आहेत, त्यांचा उपयोग करावा. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८पासून उभे आहे, फोर्टमध्ये टाउन हॉलच्या पायऱ्या चढून गेल्यावर एशियाटिक सोसायटीचे वाचनालय आहे, आणि काळा घोडा येथे डेव्हिड ससून ग्रंथालय आहे. सदस्यत्वाचे नियम प्रत्यक्ष जाऊन विचारून घ्यावेत. वस्त्यांमधून आणि उपनगरांतून चालणाऱ्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी असतात. तिथे शांतपणे बसून लिहिणाऱ्याला सहसा कोणी अडवत नाही.

गाणाऱ्यांची आणि वाद्य वाजवणाऱ्यांची अडचण वेगळी असते, कारण त्यांच्या कामाचा आवाज भिंतीपलीकडे जातो. पहाटेचा खर्जाचा रियाज ही आपली जुनी पद्धत आहे आणि खालच्या स्वरांचा त्रासही कमी होतो. तरीही शेजाऱ्यांशी आधी बोलून घ्यावे. वेळ ठरलेली आहे आणि ती ठरलेल्या वेळी संपते, असे कळले की बहुतेक शेजारी सहन करतात, कधी कधी कौतुकाने चौकशीही करतात.

नाटकाला तर जागेवाचून प्राणच नसतो. मराठी प्रायोगिक रंगभूमीला १९७०च्या दशकात जे बळ मिळाले, त्यात दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहाचा वाटा मोठा आहे. ‘आविष्कार’ आणि इतर नाट्यसंस्थांना तिथे परवडणाऱ्या खर्चात, थोड्या प्रेक्षकांसमोर, पुन्हा पुन्हा प्रयोग करता आले. भव्य नाट्यगृह वर्षातून एकदा मिळण्यापेक्षा शाळेचा वर्ग दर आठवड्याला मिळणे तरुण नाट्यसंघाला अधिक उपयोगाचे आहे, आणि म्हणून तालमीची जागा शोधताना सोयींच्या आधी ती किती नियमितपणे मिळेल हे पाहावे.

वही

सर ज. जी. कला महाविद्यालयात शिकलेले चित्रकार प्रभाकर बरवे अनेक वर्षे विणकर सेवा केंद्रात नोकरी करत होते आणि त्या काळात त्यांनी नियमितपणे वह्या लिहिल्या. त्यांत विचार आहेत, रेखाटने आहेत, वस्तूंचे निरीक्षण आहे. त्यांच्या चित्रांतील पान, घड्याळ किंवा शिंपला यांना जी नेमकी जागा मिळाली आहे, तिच्यामागे अशा निरीक्षणाची दीर्घ सवय आहे, असे मला त्यांची चित्रे पाहताना नेहमी वाटते.

वही साधी, पिशवीत मावणारी आणि स्वस्त असावी, म्हणजे तिच्यात वाईट लिहायला मन कचरत नाही. प्रत्येक पानावर तारीख घालावी. दिवसभरात पाहिलेली एक गोष्ट, ऐकलेले एक वाक्य आणि चालू कामातील एक अडचण एवढे लिहिले तरी पुरे. परळच्या पुलावर ऐकलेले बोलणे, मासळी बाजारातील भावाची घासाघीस, सोसायटीच्या सभेतील भांडणाची भाषा ही सामग्री मुंबईत फुकट मिळते, पण ती त्याच दिवशी लिहिली नाही तर तिचा नेमकेपणा जातो आणि उरते ते सर्वांना माहीत असलेले सर्वसाधारण वर्णन. बैठक संपवताना आणखी एक ओळ लिहावी, ती म्हणजे उद्या नेमके कुठून सुरू करायचे. ही एक ओळ मी सर्वांत मोलाची मानतो. दुसऱ्या दिवशी थकून बसलेल्या माणसाला कोऱ्या पानासमोर निर्णय घ्यावा लागत नाही. त्याला फक्त कालची सूचना पाळायची असते.

महिन्यातून एकदा जुनी वही सलग वाचावी. ज्या विषयाकडे मन वारंवार वळते तो विषय तिथे आपोआप दिसतो, आणि पुढचे मोठे काम कोणते हाती घ्यावे, याचे उत्तर बाहेर शोधण्यापेक्षा तिथे शोधणे अधिक विश्वासाचे असते. वहीच्या पानांची मोबाइलवर छायाचित्रे काढून ती दुसऱ्या ठिकाणीही जपून ठेवावीत. मुंबईच्या पावसात आणि ओल धरलेल्या भिंतींच्या घरात कागदाचा भरवसा नसतो.

वर्षाचे वेळापत्रक आणि काम बाहेर पाठवणे

रोजची सवय आणि वर्षाचे चक्र यांची सांगड घातली नाही, तर काम साचत जाते आणि घरातच राहते. मराठी लेखकाला आणि चित्रकाराला दिवाळी अंकांची एक मोठी सोय आहे. का. र. मित्र यांनी १९०९मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा चालू आहे. अंक शरद ऋतूत येत असला तरी संपादकांचे नियोजन उन्हाळ्यातच सुरू होते, आणि गणपतीत कथा सुचून काही उपयोग होत नाही. म्हणून कथेचा पहिला खर्डा होळीच्या सुमारास, दुसरा मे महिन्यात आणि पाठवण्याजोगी प्रत पावसाच्या सुरुवातीला तयार असावी, असा हिशेब मांडावा. चित्रकाराने आपल्या कामाचे नमुने त्याच सुमारास संपादकांकडे पोहोचवावेत. एकांकिका करणाऱ्यांनी स्पर्धांच्या तारखांपासून मागे मोजत संहिता केव्हा पूर्ण व्हायला हवी, हे ठरवावे. जहांगीर कलादालनासारख्या ठिकाणी प्रदर्शनासाठी अर्ज केल्यावर काही वर्षे थांबावे लागू शकते. त्यामुळे चित्रे पूर्ण झाल्यावर अर्ज करण्याऐवजी अर्ज करून ठेवावा, मधल्या काळात लहान दालनांतून आणि समूह प्रदर्शनांतून काम दाखवत राहावे.

काम पाठवण्यासाठी आठवड्यातला एक ठरावीक दिवस ठेवावा आणि त्या दिवशी एक तरी गोष्ट बाहेर जावी, मग ती कथा असो, नमुन्यांचा ई-मेल असो की जुन्या पत्राची विनयशील आठवण असो. काय, कुणाकडे, केव्हा पाठवले आणि काय उत्तर आले, याची एक नोंदवही असावी. नकार आला की त्याच आठवड्यात ती कथा दुसरीकडे पाठवावी. नकाराचे दुःख खरे असते आणि ते लपवण्याचे कारण नाही, पण नोंदवहीत पुढचे नाव आधीच लिहिलेले असले तर ते दुःख कामाच्या आड येत नाही.

पैसा आणि कागद

नोकरी करून कला सांभाळणे म्हणजे कलेशी तडजोड, हा समज मुंबईच्याच इतिहासाने खोटा ठरवला आहे. नारायण सुर्वे गिरणीत राबले, महापालिकेच्या शाळेत शिपाई होते आणि पुढे शिक्षक झाले. अरुण कोलटकर यांनी जाहिरात क्षेत्रात आरेखक म्हणून चरितार्थ चालवला आणि मराठी व इंग्रजी या दोन्ही भाषांत कविता लिहिली. नोकरी निवडण्याची मोकळीक असेल तर एक गोष्ट पाहावी: कलेसाठी जी शक्ती लागते तीच शक्ती त्या नोकरीत पूर्ण संपू नये. दिवसभर मालिकांचे संवाद लिहिणाऱ्याला रात्री कादंबरी लिहिणे कठीण जाते. त्याच माणसाला हिशेबाची किंवा शिकवण्याची नोकरी कदाचित अधिक मानवेल. नोकरी सोडून पूर्ण वेळ कलेवर जगायचे असेल, तर किमान सहा महिन्यांचे घरभाडे आणि घरखर्च बाजूला ठेवल्याशिवाय राजीनामा देऊ नये. भाड्याची तारीख डोक्यावर असलेला माणूस कोणत्याही दरात कोणतेही काम स्वीकारतो आणि मग त्याच दराने ओळखला जातो.

पैशांची नोंद ही रोजची दहा मिनिटांची सवय असावी. काय आले, काय गेले, कुणाकडे किती बाकी आहे, हे रोज लिहिले म्हणजे महिनाअखेरीस धक्का बसत नाही. काम स्वीकारतानाच चार गोष्टी लेखी घ्याव्यात: मानधन, ते कोणत्या तारखेपर्यंत मिळेल, किती वेळा दुरुस्त्या करून दिल्या जातील आणि कामाचा वापर कुठे व किती काळ होईल. करारपत्र नसेल तर ई-मेल लिहावा आणि समोरून ‘मान्य’ असे उत्तर मिळाल्यावरच हात लावावा. मोठ्या कामासाठी आगाऊ रक्कम मागण्यात कोणताही कमीपणा नाही. ओळखीच्या माणसाकडे तर ती आवर्जून मागावी, कारण ओळखीत पैशांची आठवण करून देणे नंतर अधिक जड जाते.

हक्कांविषयीचे कायद्याचे मूळ नियम प्रत्येक कलावंताला तोंडपाठ असले पाहिजेत. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार कृती निर्माण होताच हक्क निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, आणि लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षांपर्यंत तो टिकतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा असेल तर तो लेखीच द्यावा लागतो. त्या लेखात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षांची समजली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा हक्क, वेगळा करार नसल्यास, सामान्यतः मालकाकडे जातो. चित्रकारांनी आणि छायाचित्रकारांनी विशेष सावध राहावे, कारण एखाद्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या चित्राचा किंवा छायाचित्राचा पहिला हक्क, उलट करार नसेल तर, काम सांगणाऱ्याचा ठरतो. म्हणून हक्क आपल्याकडे ठेवायचा असल्यास तसे आधीच लिहून घ्यावे. चित्रपटासाठी लिहिणाऱ्यांच्या बाजूने २०१२च्या दुरुस्तीने एक महत्त्वाची तरतूद केली आहे: चित्रपटात वापरलेल्या साहित्याच्या आणि संगीताच्या, चित्रपटगृहातील प्रदर्शनाखेरीज इतर वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतील आपला वाटा लेखक किंवा संगीतकार करार करूनही निर्मात्याला सोडून देऊ शकत नाही. पटकथा कुणालाही ऐकवण्यापूर्वी अंधेरी येथील स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे तिची नोंद करावी, म्हणजे ती कोणत्या तारखेला आपल्याकडे होती याचा पुरावा राहतो.

थकलेले मानधन हे या क्षेत्रातील कायमचे दुखणे आहे. स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने आधार आणि पॅनच्या साहाय्याने ऑनलाइन आणि विनामूल्य होणारी ‘उद्यम’ नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारकडे होणारी नोंद, काम हाती घेण्यापूर्वीच करून ठेवावी. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असलेल्याचे देणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत, आणि करारात मुदतच नसेल तर १५ दिवसांत चुकते करणे २००६च्या कायद्यानुसार बंधनकारक आहे, आणि उशीर झाल्यास व्याज मागता येते. बिलावर नोंदणी क्रमांक छापलेला असला की लेखा विभागातील उत्तराचा सूर पुष्कळदा बदलतो. मानधनातून ठरावीक मर्यादेपुढे साधारणपणे १० टक्के कर कापला जातो. एकूण उत्पन्नावर तेवढा कर लागू होत नसेल तर विवरणपत्र भरून ही रक्कम परत मिळवावी. अनेक तरुण कलावंत विवरणपत्रच भरत नाहीत आणि आपल्या कष्टाचे पैसे तसेच सोडून देतात, याचे मला फार वाईट वाटते. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या पुढे जाऊ लागली की महाराष्ट्रात जीएसटी नोंदणीची गरज निर्माण होते आणि तिथून पुढे चांगल्या करसल्लागाराची फी हा योग्य खर्च ठरतो.

माणसे, आणि खंड पडल्यावर

कोलटकर काळा घोड्याजवळच्या वेसाइड इन या उपाहारगृहात वर्षानुवर्षे बसत आणि मित्रांना भेटत. अशी एक ठरलेली बैठक प्रत्येकाला असावी. तीन-चार समविचारी, पण वेगवेगळ्या कलांतील माणसे महिन्यातून एकदा जमली, प्रत्येकाने चालू कामातील थोडा भाग दाखवला आणि त्यावर प्रामाणिक बोलणे झाले, तर एकट्याने चालवलेल्या कामाला आधार मिळतो. केवळ स्तुती करणारे आणि केवळ दोष काढणारे, दोन्ही प्रकारचे सोबती टाळावेत. इतरांचे काम पाहण्यासाठीही वेळ काढावा: जहांगीर कलादालनात प्रवेशाला पैसे पडत नाहीत, आणि शिवाजी मंदिरातला किंवा यशवंत नाट्यमंदिरातला एखादा प्रयोग मागच्या रांगेतून पाहिला तरी पुष्कळ शिकता येते.

आठवड्यातला एक दिवस कामाला पूर्ण सुट्टी द्यावी, आणि ती सुट्टी खंडात धरू नये. गळा, डोळे आणि मनगट यांची दुखणी सुरुवातीलाच डॉक्टरांना दाखवावीत, कारण पुढे हीच दुखणी महिनोन् महिने काम बंद पाडतात.

एवढे सगळे पाळूनही खंड पडतोच. घरात आजारपण येते, बाळ जन्मते, घरमालक जागा खाली करायला सांगतो आणि बिऱ्हाड कांजूरमार्गहून बदलापूरला हलते. अशा वेळी बुडालेल्या दिवसांची भरपाई करण्यासाठी दुप्पट काम करायला बसू नये. त्या ओझ्याने चार-पाच दिवसांत पुन्हा खंड पडतो. जुनी वेळ आता मिळणार नाही हे मान्य करून, नव्या घरातला पहिला आठवडा पुन्हा तासांची नोंद करण्यात घालवावा, नव्या दिनक्रमातला सर्वांत वाईट दिवस कोणता ते पाहावे आणि त्याला झेपेल असे नवे प्रमाण ठरवावे. ते पूर्वीच्या निम्मे निघाले तरी तेच स्वीकारावे आणि किमान तीन महिने वाढवू नये. पहिल्या दिवशी नवे काही लिहिण्याची किंवा काढण्याची गरज नाही; जुन्या वहीचे शेवटचे पान उघडून तिथे लिहून ठेवलेली सूचना वाचावी आणि तिथून पुढे काम सुरू करावे.